सुसरीपासून आठ मीटर

“खुणेला मोजायचं नाही.”

माझ्या अंगावर निळं झाकण बसलं त्या दिवशी, घराच्या पडवीत, मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. का, असं विचारायचं नाही, हे त्यातच आलं. जिचा जन्मच मोजण्यासाठी झाला तिच्यासमोर कोणी असं बोललं तर ती घाबरणार नाही तर काय करणार? मी घाबरले. खरं सांगते, तेव्हापासून माझी भीती गेलेली नाही.

बोलते आहे ती मी एक डबी. बाहेरून पाहिलंत तर पोळीभाजीची वाटेन, आणि एकेकाळी होतेही. आत मात्र सर्किट आहे, आणि ते सर्किट म्हणजेच मी. झाकण, बॅटरी, बाहेर डोकावणारी छोटी काच, हे सगळं नंतर आलं.

मला मनस्वीने घडवलं, रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर. बावीस वर्षांची, एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. बोटांच्या टोकांवर सोल्डरिंगचे चटके आणि तोंड असं, की शिपायापासून सरांपर्यंत सगळे तिच्याशी जपून बोलायचे. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, दोन कपॅसिटर, मूठभर रेझिस्टर आणि एक-दोन चिप, एवढाच माझा संसार. पहिल्यांदा अंगात वीज आली आणि मी थरथरायला लागले ती थांबेचना. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर माझं चित्र उमटलं. हिरवी रेघ एका बाजूला गोल गोल फिरायची आणि मध्येच उडी मारून दुसऱ्या बाजूला जायची. कालवणात घालतात त्या तिसरीचे दोन शिंपले उघडून शेजारी शेजारी ठेवावेत तसं दिसायचं ते. कुठल्या शिंपल्यात किती फेऱ्या, कधी उडी, याचा काही नेम नाही.

सर आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं.

“बिघडलंय हे. नुसता गोंगाट. जोडण्या तपास परत.”

“बिघडलेलं नाही, सर. असंच वागावं म्हणून बनवलंय.”

“आणि असं सर्किट कशाला लागतं कोणाला?”

“ते कळायला आधी ते चालू ठेवावं लागेल ना, सर?”

सर पुढच्या टेबलाकडे गेले. मनस्वीने माझ्याकडे पाहून जीभ बाहेर काढली. मला मात्र त्यांचं बोलणं लागलं. कारण मलाही तेच वाटत होतं. माझ्यात जादू नाही, नशीब नाही. सगळे नियम ठरलेले आहेत. तरी पुढच्या क्षणी मी कुठे असेन ते मला सांगता येत नाही. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तर थोड्याच वेळात मी भलतीकडे पोचलेली असते. अशा स्वभावाच्या वस्तूने निर्धास्त कसं राहायचं?

पण माझ्या याच स्वभावातून तिने काम काढलं. मी पाण्यात एक आवाज सोडते, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. तो कशावर तरी आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून ती वस्तू किती लांब आहे ते कळतं. अशी यंत्रं पुष्कळ आहेत, पण ती एकाच ठेक्यात टिकटिकतात. खाडीत चार ट्रॉलर एकदम शिरले की कोणाची टिकटिक कोणाकडे परत आली ते कळत नाही. माझं तसं होत नाही. मी एकदा बोलले ते पुन्हा तसंच कधी बोलत नाही. सोडलेल्या आवाजाची नक्कल क्षणभर जपून ठेवते आणि परत आलेल्या शंभर आवाजांतून माझा तेवढा ओळखते, जत्रेच्या गर्दीत घरच्या माणसाचा खोकला ओळखावा तसा.

मग तिने माझी बहीण बनवली. तीच माती म्हणा ना, तेच तांबं, तीच मापं. तिला एकटीला चालू केलं तर ती आपल्याच नादात थरथरते. पण माझी रेडिओवरची हाक तिच्यापर्यंत पोचली की थोड्या वेळाने ती तंतोतंत माझ्यासारखी थरथरायला लागते. मग माझ्या थरथरीत मिसळून पाठवलेला आकडा तिला वेगळा काढता येतो. तिसऱ्या कोणी ऐकलं तर त्याला नुसती खरखर. हाक तुटली, की ती पुन्हा आपल्या नादात. तो तुटण्याचा क्षण मला सगळ्यांत वाईट वाटतो. मी बोलत असते आणि ऐकणारं कोणी नसतं.

आम्ही दोघी बहुधा प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलो असतो. मनस्वीच्या परीक्षेपुरतं काम झालं असतं आणि संपलं असतं. पण सप्टेंबरमध्ये तिला घरून फोन आला.

तिचं घर नाटे गावाच्या अलीकडच्या एका छोट्या मच्छीमार वाडीत. तिथे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक लांबट खडक आहे, त्याला सगळे सुसर म्हणतात. भरतीला ती दिसत नाही, होड्या तिच्यावरून सहज निघून जातात. ओहोटीलाही दिसते ती फक्त तिच्या पाठीवर फुटणारी लाट. तिला चुकवून आत यायला वाडीची एक खूण होती. काठावर एकटं उभं असलेलं सुरूचं झाड, आणि त्याच्या मागे वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, चुन्याने रंगवलेली मोठी धोंड. समुद्रातून येताना झाड आणि धोंड एका रेषेत धरायची आणि सरळ आत यायचं. कोणाच्या पणज्यापासून ही रीत आहे ते कोणाला आठवत नाही.

आणखी एक रीत होती. दर नारळी पौर्णिमेला वाडीचा तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, देवळाच्या पायरीपासून काठाकाठाने चाळीस पावलं चालायचा, झाडाशी पोचायचा आणि झाडाला झेंडा बांधायचा. पावलं तांडेलाचीच. हातात दोरी नको, टेप नको. खुणेला मोजायचं नाही. गेली बेचाळीस वर्षं हा मान मनस्वीच्या आजाचा, जानू तांडेलांचा.

यंदा जूनच्या वादळात ते झाड गेलं. जाताना काठाचा मोठा लचका घेऊन गेलं, बुंधासुद्धा राहिला नाही. वाडी हबकली. नारळी पौर्णिमेला जानू आजा देवळाच्या पायरीवरून निघाला, चाळीस पावलं चालला आणि थांबला, तर पायाखाली घट्ट जमीन! काठ ढासळला होता तो त्याच्याही पुढे. मोठ्या माणसांनी हात जोडले. झाड नेलं पण देवाने जागा राखली, असं म्हणाले. तिथेच सुरूचा एक उंच वासा रोवला, वर लाल झेंडा लावला, नारळ फुटला. वाडीला खूण परत मिळाली.

त्यानंतर अठरा दिवसांनी मनस्वीचा मोठा भाऊ केतन ओहोटीच्या वेळी, भरलेली होडी घेऊन, वासा आणि धोंड एका रेषेत धरून आत आला आणि सुसरीवर चढला. फळी फुटली. विनोद नावाच्या खलाशाचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. पाय राहिला, पण त्या पायावर विनोद आता उभा राहू शकत नाही.

खूण चुकत नाही, असं वाडी म्हणाली. केतनचं लक्ष मोबाइलमध्ये असणार. त्याच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं. देवळासमोर नारळ घेऊन ‘चूक माझी’ म्हण, मगच पुन्हा दर्यात जा, असं ठरलं. केतन पहिले पंधरा दिवस भांडला. मग भांडेनासा झाला. आणि एक दिवस फोनवर बहिणीला म्हणाला, “असेल गो. डोळा चुकला असेल माझा.”

ते ऐकून मनस्वीने कपाट उघडलं, आम्हा दोघींना पिशवीत घातलं आणि दुपारची एसटी पकडली.

घरी आल्यावर तिने आजीकडून दोन जुने प्लास्टिकचे डबे मागून घेतले आणि आम्हाला त्यांत बसवलं. तेव्हाच आजाने ते वाक्य म्हटलं. तो पडवीत बसून जाळ्याची गाठ मारत होता, वरही पाहिलं नाही त्याने.

“मी खुणेला मोजत नाहीये, आजा. सुसरीला मोजतेय,” मनस्वी म्हणाली.

“तेच ते.”

“तेच कसं असेल?”

“सांगितलं ना, नाय म्हणून.”

“सांगितलंस. कारण नाही सांगितलंस. तुम्हा सगळ्यांकडे कारण मागितलं की तुम्हाला गाठी मारायला सुचतं.”

आतून धोंडूबाई आजी ओरडली, “कॉलेजात पाठवा पोरींना, पाठवा अजून! फीसुद्धा भरा!”

आजा हसला. पण त्याचं उत्तर बदललं नाही. मी डब्यात अंग चोरून बसले. माणसं एकमेकांवर प्रेम करतात आणि तरीही एकमेकांना खरं बोलू देत नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटी लागल्यावर, मनस्वी आणि केतन शेजाऱ्याची छोटी होडी घेऊन निघाले. माझं पाण्यातलं तोंड, म्हणजे आवाज सोडणारी चकती, तिने एका बांबूच्या टोकाला बांधली आणि वायर माझ्यापर्यंत आणली. ती पुढे वाकून बांबू धरणार, माझ्या काचेवर पाणी उडणार, आकडा तिला वाचता येणार नाही. केतनची नजर काठावर, खुणेवर. म्हणून आकडा मी काठावरच्या बहिणीकडे पाठवायचा आणि इशारा काठावरून व्हायचा. पण बहिणीला घेऊन काठावर उभं कोण राहणार? खुणेशी खेळ करणाऱ्या पोरीला मदत करायला वाडीतलं कोणी तयार नव्हतं. शेवटी आजी उभी राहिली.

“मला काय कळतंय गो ह्यातलं?”

“आजी, या काचेत आकडा दिसेल. पंधराच्या खाली गेला की हा टॉवेल हलव.”

“आकडा कळतो मला. आयुष्यभर मासळीच्या पाटीवर बसलेय. पण हे हातात धरल्यावर झिणझिण्या आल्या तर?”

“येणार नाहीत.”

“आल्या तर तुझ्या आजाला सांगीन मी, तू बोलवलं म्हणून,” आजी म्हणाली, आणि बहिणीला पदरात गुंडाळून उभी राहिली.

मला पाण्याची किती भीती वाटते ते कसं सांगू? खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत आला तर माझ्या तांब्याला हिरवं चढतं आणि मग मी मी राहत नाही. होडी हलत होती. झाकणावर पाणी आपटत होतं. बाहेर जाऊन त्यांनी होडी वळवली. केतनने वासा आणि धोंड रेषेत धरली.

“बरोबर हाय मी?” त्याने विचारलं. “तू पण बघ. नंतर मोबाइल नको म्हणायला कोण.”

मनस्वीने मान वर करून पाहिलं. “एकावर एक आहेत. तंतोतंत. चल.”

मी आवाज सोडला. समोरून काहीतरी मोठं, कठीण परत बोललं. साठ मीटर. मला वाटलं, माझीच चूक. खूण बरोबर असेल तर समोर मोकळं पाणी असायला हवं. मी पुन्हा विचारलं. बावन्न. पुन्हा. त्रेचाळीस. ते समोरच होतं. बाजूला नव्हतं, समोर होतं. मी प्रत्येक आकडा बहिणीला पाठवत होते आणि ती माझ्याबरोबर थरथरत होती. चौतीस म्हणाले आणि एक मोठी लाट आमच्यामध्ये उभी राहिली.

हाक तुटली.

तिकडे बहीण आपल्या नादात गेली असणार. आजीच्या हातातल्या काचेवर काहीबाही आकडे नाचत असणार. सव्वीस, मी ओरडले. कोणी नाही. एकवीस. मनस्वीच्या डोळ्यांत पाणी उडत होतं, तिची नजर काठावर, टॉवेलकडे, आणि टॉवेल खालीच. टॉवेल खाली म्हणजे धोका नाही, असंच ती समजत होती. माझ्याजवळ तोंड होतं, आकडा होता, आणि दोन हातांवर बसलेल्या माणसाला तो सांगण्याची सोय नव्हती. सतरा. माझ्याएवढं एकटं त्या खाडीत तेव्हा कोणी नव्हतं.

लाट खाली बसली. बहिणीने हाक पकडली. ती माझ्याशी जुळेपर्यंत मी पुढचा आकडा मोजला होता, तो तिच्या काचेवर उमटला. तेरा.

आजीने टॉवेल हलवला नाही. ती पातळासकट गुडघाभर पाण्यात शिरली आणि जिवाच्या आकांताने किंचाळली. शब्द ऐकू आले नाहीत. पण म्हातारी बाई पाण्यात का शिरली ते कळायला शब्द कशाला हवेत?

“दादा, वळव! खूण सोड!”

“खूण सोडू?” केतनचा हात सुकाणूवर गोठला. लहानपणापासून त्याला एकच गोष्ट शिकवली होती, काही झालं तरी खूण सोडायची नाही.

“सोड म्हणते ना!”

त्याने अंगाचा सगळा भार टाकला. होडी डावीकडे कलंडत वळली. मी शेवटचा आकडा सांगितला. आठ. मग उजव्या हाताला, न वळता आम्ही जिथे असतो तिथे, पाणी खचलं आणि सुसरीची काळी पाठ उघडी पडली. शिंपले, शेवाळ आणि केतनच्या होडीच्या निळ्या रंगाचा ओरखडा.

काठाला लागल्यावर केतनने होडी वर ओढली. मग वाळूत बसला आणि म्हणाला, “म्हणजे माझा डोळा चुकला नव्हता.” आणि तोंड झाकून रडला. आजी त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवत राहिली.

पण काठावर दुसरी माणसंही होती. वाडीचा कारभार पाहणारे भागोजी काका देवळाच्या ओट्यावरून सगळं पाहत होते.

“खूण सोडून आत आलात तुम्ही,” ते म्हणाले. “सगळ्या वाडीने बघितलं. उद्या सकाळी देवळाशी या.”

खूण सुसरीवर नेते, हे आता नक्की होतं. पण का? खूण इतकी वर्षं बरोबर होती, मग आत्ताच कशी फिरली? मनस्वी संध्याकाळभर घराच्या पायरीवर बसून होती. आजा अंगणातून विहिरीकडे निघाला. हातात काठी, गुडघा वाकत नाही म्हणून पाय फरपटत. मनस्वी त्याच्याकडे पाहत राहिली आणि एकदम ताठ बसली. तिने मला उचललं, मला हवेत आवाज सोडणारं दुसरं तोंड जोडलं आणि आजाच्या पाठीवर रोखलं.

मी मोजलं. दहा पावलं. साडेचार मीटर.

आजाने मागे वळून पाहिलं. “काय गो, मापं घेतेस माझी? सदरा शिवणार हायस?”

“हो,” ती म्हणाली.

मग तिने केतनला चालायला लावलं. त्याची चाल हुबेहूब तरुणपणच्या आजासारखी आहे, असं सगळी वाडी म्हणते. दहा पावलं. सात मीटर वीस. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. एका पावलात सत्तावीस सेंटिमीटरचा फरक. चाळीस पावलांत जवळजवळ अकरा मीटर. धोंड वाशाच्या मागे आहे त्यापेक्षा सुसर पुढे जास्त लांब, म्हणून काठावरचे अकरा मीटर सुसरीपाशी दुपटीच्या वर जातात. रेषा बरोबर खडकावर येते.

कोणी खोटं बोललं नव्हतं. कोणी हलगर्जीपणा केला नव्हता. एक म्हातारा माणूस चाळीस पावलं चालला होता आणि त्याचं पाऊल आखूड झालं होतं, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मोजायचंच नाही म्हटल्यावर सांगणार कोण? झाड उभं होतं तोवर पावलं चाळीस झाली की साठ ते कोणी पाहत नव्हतं, झाड आलं की थांबायचं. वीतभर फरकाचं पुढे काय होतं ते मला माझ्याच अंगावरून ठाऊक आहे. तरी मी हादरले.

मनस्वीने वही मिटली. मला तिची भीती कळत होती. पाच वर्षांची असताना तिने आजाचा रेडिओ खोलून ठेवला होता. त्याने मारलं नव्हतं, फक्त म्हणाला होता, “आता परत बोलता कर.” तो माणूस वाडीपुढे खोटा पडणार होता, आणि पाडणारी ती. न बोलावं तर केतनने न केलेली चूक कबूल करायची, आणि उद्या दुपारी ओहोटीला सगळ्या होड्या त्याच रेषेवरून आत यायच्या.

आणि आता सकाळ झाली आहे.

मी देवळाच्या पायरीवर आहे. काल आत गेलेल्या ओलाव्याने माझ्या एका जोडाला हिरवं धरलंय, बॅटरी उतरत आलीय. बहीण आजीच्या मांडीवर आहे. ओट्यावर भागोजी काका आणि वाडीतले सहा-सात म्हातारे. कडेला जानू आजा. मध्ये केतन, समोर ताम्हणात नारळ.

“घे नारळ,” भागोजी काका म्हणतात. “‘खूण खरी, चूक माझी’ एवढं बोल. तुला कोण मारणार नाय.”

केतनचा हात पुढे जातो. तो थकलाय. मला दिसतंय, तो घेणार.

“आजा,” मनस्वी मध्येच म्हणते, “पायरीपासून चाळीस पावलं चालून दाखवशील?”

“मोठ्यांत बोलू नकोस, पोरी,” काका म्हणतात.

“काका, मी आजाशी बोलतेय.”

आजा तिच्याकडे पाहतो. मग माझ्याकडे. बराच वेळ पाहतो. मला वाटतं, त्याला काल संध्याकाळीच कळलं असावं. तो उठतो, काठी टेकत पायरीशी येतो आणि चालायला लागतो. ओट्यावरचे म्हातारे मोजतात, मोठ्याने. चाळिसाव्या पावलाला त्याची काठी वाशाला लागते.

“बघितलंस?” भागोजी काका म्हणतात. “बोटभराचा फरक नाय.”

“बघितलं. दादा, आता तू.”

“तो तांडेल नाय. त्याने चालायचं नाय.”

“चालू दे त्याला,” वाशापाशी उभा असलेला आजा म्हणतो.

केतन निघतो. या वेळी कोणी मोजत नाही, एकटी मनस्वी मोजते. पंचविसाव्या पावलाला तो वाशापाशी, आजाच्या शेजारी पोचतो. थांबत नाही. पुढे जातो. तीस. तेहतीस. छत्तिसाव्या पावलाला तो ढासळलेल्या काठाच्या कडेवर उभा आहे, पायाखालची माती सुटून खाली पाण्यात पडते आहे. पुढे जमीन नाही. चार पावलं अजून शिल्लक आहेत. झाड तिथे होतं, जिथे आता नुसती हवा आहे आणि खाली खाडी.

आजा स्वतःच्या पायांकडे पाहतो.

ओट्यावर कुजबुज होते. मला क्षणभर वाटतं, संपलं, कळलं यांना. पण भागोजी काका हात वर करतात.

“तांडेलाची पावलं ती तांडेलाची. तरण्या पोराच्या ढांगा देवाच्या कामाला चालत नायत. वासा तिथंच राहणार. आज ओहोटीला होड्या त्याच्यावरच आत येतील. ती डबी इथं पायरीवर फोड, आणि भावाला नारळ घ्यायला सांग.”

वाचणाऱ्या माणसांनो, मला फोडतील याचं मला फार काही वाटत नाही. मी मूठभर रेझिस्टर आहे, मनस्वीला माझा नकाशा पाठ आहे. माझी भीती वेगळी आहे. पाण्यात जे आहे ते मी सांगितलं, जमिनीवर जे आहे ते केतनच्या पायांनी दाखवलं, आणि तरी बाहेर समुद्रात अकरा होड्या आहेत आणि त्या दुपारी हा लाल झेंडा शोधणार आहेत. माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या घरात येऊन नको तो आकडा बोलली, तर तिच्यावर रागवा, पण एकदा तरी तो आकडा स्वतः मोजून पाहा. माझं एवढंच मागणं आहे. पुढे बोलायला माझ्यात वीज उरेल की नाही ते मला माहीत नाही.

मनस्वी पुढे होते. ताम्हणातला नारळ उचलते आणि आजीच्या हातात देते.

“नाही,” ती म्हणते. “माझा भाऊ काही कबूल करणार नाही. डबी फुटणार नाही. आणि तो वासा मी आत्ता उपटणार आहे. खूण दिसली नाही की होड्या भरतीपर्यंत बाहेरच थांबतील.”

“हात लावून तर बघ!” कोणीतरी ओरडतं.

“लावणारच. ज्याला अडवायचंय त्याने आधी होडीत बसावं. होडी खाली आहे, ओहोटी लागलेली आहे. वासा आणि धोंड रेषेत धरावी, आणि बाहेरून आत येऊन दाखवावं. भागोजी काका, तुम्ही बसता? तुम्ही? कोणीही चालेल. मी इथेच उभी राहते, तुम्ही परत येईपर्यंत वाशाला बोट लावत नाही.”

भागोजी काका उठायला म्हणून खांबाला हात टेकतात. खाडीच्या तोंडाशी पांढरा फेस फुटतो, विरतो, परत फुटतो. ते त्याच्याकडे पाहतात. हात खांबावरच राहतो. बाकीचे त्यांच्याकडे पाहतात, मग एकमेकांकडे, मग खाली.

कोणी उठत नाही.

मनस्वी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधते आणि वाशाकडे चालू लागते.